तिसरं कडवं

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. कुणी चिडलेलं नसतं, फक्त मीठ मागायचं असतं. सुरतेत नवागामच्या ज्या गल्लीत मी वाढलो तिथले अर्ध्याहून जास्त बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जायचे, आणि बारा तास खटखटीत उभा राहिलेला माणूस घरी येऊन हळू बोलेल ही अपेक्षाच चुकीची. त्याच्याशी बोलून बोलून बायकांचे आवाज चढतात, बायकांचं ऐकून पोरांचे. गावाकडचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना वाटतं, या घरात भांडण चाललंय. दुसऱ्या दिवशी तेही ओरडायला लागतात.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी लूमवर काढली. लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. खात्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारीगर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात आणि उरलेलं हाताने सांगतात. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा या खुणा मला पाठ झाल्या होत्या. दोन बोटं एकमेकांत अडकवून झटक्यात सोडवली, म्हणजे धागा तुटला. चिमटीने गाठ मारल्यासारखं करून तळवा पुढे ढकलला, म्हणजे जोडलं, आता चालव. शेठ आला याचीही एक खूण होती, ती इथे सांगण्यासारखी नाही.

आप्पांचा आधी उजवा कान गेला, मग डावा. आम्ही कानाचं मशीन आणलं. दोन दिवस लावून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. म्हणाले, यातून परत खातंच ऐकू येतं. आता ते पर्वत पाटियाच्या मार्केटात साड्यांना घड्या घालायला जातात, तिथे कानांचं काही काम पडत नाही.

पण कान जाणं वेगळं आणि गप्प होणं वेगळं. आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले ते कान जायच्या आधीच, आणि ते कधीपासून हे मला पक्कं माहीत आहे. मी सहावीत होतो. शाळेत पालकांना बोलावलं होतं. आप्पा पाळी संपवून तसेच आले, केसांत धाग्यांचे तंतू, पायात स्लीपर. गुरुजींनी काहीतरी चांगलं सांगितलं असावं, कारण आप्पा खुश झाले आणि खात्यातल्या आवाजात म्हणाले, “मन्हा पोऱ्या शे हाऊ!” माझा मुलगा आहे हा. शेजारच्या दोन वर्गांतली पोरंसुद्धा हसली. पुढचे कितीतरी दिवस शाळेत मला कुणी नावाने हाक मारली नाही, मन्हा पोऱ्या म्हणूनच मारली.

त्या दिवशी परत येताना मी आप्पांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. त्यांना नीट कळावं म्हणून तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून बोललो. शाळेत येऊ नका. आलात तर बोलू नका. मला लाज वाटते. आप्पांनी मान डोलवली आणि माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ते शाळेत पुन्हा आले नाहीत. घरातही मग त्यांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. आईशी कामापुरतं, माझ्याशी तेवढंही नाही.

मी मात्र हे सोयीस्करपणे विसरलो. पंचविशीपर्यंत माझी खात्री होती की माझा बाप घुमा आहे आणि माझ्यावर अन्याय झालेला आहे.

नोकरी मला पर्वत पाटियालाच एका साडीच्या दुकानात मिळाली. साड्यांचे फोटो काढायचे आणि ऑनलाइन चढवायचे. दोनशे साड्या चढेपर्यंत नेट रडत बसायचं, तेवढ्या वेळात मी फोनवर काहीबाही बघायचो. असाच एकदा एक व्हिडिओ लागला. कुठल्यातरी देशातलं स्वयंपाकघर, ओट्यावर खरकटी भांडी, आणि उलट्या क्रेटवर बसून एक मुलगी बँजो बडवत होती. बँजोची एक तार तुटलेली. मानेच्या शिरा फुगवून ती अक्षरशः बोंबलत होती आणि आजूबाजूला जमिनीवर बसलेले दहा-बारा जण तिच्याबरोबर बोंबलत होते. सुराचा पत्ता नव्हता. मला इंग्रजी ओ का ठो कळलं नाही, पण मी तो व्हिडिओ सात वेळा बघितला. मला वाटलं, ही आमच्या गल्लीतली आहे.

या प्रकाराला फोक-पंक म्हणतात हे नंतर कळलं. वाद्यं गावाकडची, आजोबांच्या वेळची, आणि डोकं मात्र फिरलेलं. मग मी त्याच्या मागेच लागलो. अमेरिकेत मालगाड्यांतून फुकट फिरणारी पोरं गिटार आणि कपडे घासायची पत्र्याची फळी वाजवून गातात. इंडोनेशियात सिग्नलवर पोरं इवल्या गिटारी आणि प्लास्टिकच्या पाइपाचे ढोल घेऊन उभी असतात. युरोपात कुठे फिडल, कुठे अकॉर्डियन, आणि गाणी घरभाड्याची, दारूची, मेलेल्या मित्राची, सुटलेल्या कामाची. बहुतेकांचा आवाज माझ्यासारखाच फाटका. स्टेज नाही, माइक नाही. कुणाच्या घरात, गॅरेजमध्ये, गच्चीवर जमायचं, गाणारा आणि ऐकणारे एकाच सतरंजीवर. गाऊन झालं की तिथेच जेवायचं, आणि लांबून आलेला असेल त्याने तिथेच पथारी पसरायची. मला हे परकं वाटलंच नाही. आमच्याकडे लग्नाआधी हळदीला बायका जमतात तेव्हा याहून वेगळं काय होतं? एक घसा फोडून गाते, बाकीच्या उचलून धरतात, आणि व्याह्यांना गाण्यातून अशा शिव्या बसतात की त्या पंक पोरांनी वही काढून उतरवून घ्याव्यात. फरक एवढाच, की आमच्याकडे आता त्या बायकांच्या जागी डीजे आलाय, आणि त्या डीजेवर माझा राग आहे.

मी जुनी गिटार घेतली. ढोलकीवाली आयतीच मिळाली. कोसाडच्या वसाहतीत राहणारी एक मुलगी आमच्याच दुकानात पॅकिंगला होती. तिचे वडील रेल्वेत होते आणि आयुष्यभर भीमगीतं गायले. त्यांच्यामागे ढोलकी धरता धरता ती अशी तयार झाली होती की मी गिटारवर चुकलो तरी ती मला ओढून रस्त्यावर आणायची. फोक-पंक म्हणजे काय हे मी तिला तासभर समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या पप्पांचा जलसा. फक्त तुम्हाला गाता येत नाही.”

पहिलं गाणं मी आप्पांवरच लिहिलं. अहिराणीत लिहिलं, कारण राग मला त्याच भाषेत येतो.

मन्हा घरमा एक भीत जेवस,
भीत जपस, भीत कामले जास.

माझ्या घरात एक भिंत जेवते, भिंत झोपते, भिंत कामाला जाते, असं पहिलं कडवं. दुसऱ्यात मी त्या भिंतीला हाका मारतो, तिचे डोळे माझ्यावर असतात आणि तोंड बंद असतं. दोन्ही कडवी मी एका बैठकीत लिहिली आणि स्वतःवर जाम खुश झालो. तिसऱ्यापाशी अडलो ते महिनाभर. ढोलकीवाली एव्हाना माझी मैत्रीण झाली होती, ती म्हणाली, “दोन कडवी बापाला धुतलंस, आता कारण तरी सांग. का बोलत नाहीत ते?” मी तिला टोलवायला तोंड उघडलं आणि सहावीतला तो रस्ता आठवला. तेव्हा कुठे तिसरं कडवं आलं.

भीत आप्पानी नही बांधी,
पह्यली ईट मीच ठेवी.

भिंत आप्पांनी नाही बांधली, पहिली वीट मीच ठेवली. पुढे ते शाळेतलं सगळं होतं, आणि शेवटी मी त्यांना बोला म्हणून विनवतो. हे कडवं लिहून मला हलकं वाटलं नाही. उलट आप्पा समोर आले की मी इकडेतिकडे बघायला लागलो. गाण्यात लिहायला मी शूर होतो, त्यांच्यासमोर उभं राहून तेच बोलायची माझी हिंमत नव्हती. आणि मग मी अशी समजूत करून घेतली की त्यांना ऐकू येतच नाही, तर बोलून उपयोग काय.

चार वर्षं ते गाणं मी घरी घोटलं. एकच खोली. आप्पा संध्याकाळी मार्केटातून येऊन खाटेवर पडायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून, लोखंडी कपाटासमोर उभा राहून गायचो. कपाटाला आरसा होता, त्यात बोटं नीट पडतात की नाही ते बघता यायचं. गाणं सोपं होतं, फक्त तिसऱ्या कडव्यात ओळीओळीला एक कॉर्ड होती ज्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबाव्या लागतात. ती मला थेट बोटांकडे बघितल्याशिवाय कधीच लागली नाही. त्यामुळे तिसरं कडवं आलं की माझी मान छातीला टेकायची. मैत्रीण वैतागायची. म्हणायची, “व्हिडिओत तिसऱ्या कडव्याला नुसते तुझे केस दिसतात. कुणी म्हणेल टोप गातोय.”

गेल्या हिवाळ्यात आमची पाळी आली. या गाणाऱ्यांची जगभर एक साखळी आहे. दर रविवारी एका गावातून कुणीतरी आपल्या घरातून किंवा गच्चीतून गाऊन रेकॉर्ड करतं आणि ते सगळ्यांना पाठवलं जातं. साखळी सांभाळणारा माणूस एका थंड देशात राहतो. त्याचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. त्याच्या अटी तीनच. माइक लावायचा नाही, ऐकणारे जिवंत पाहिजेत, आणि घरात ज्या भाषेत भांडता त्या भाषेत गायचं. आमची गाणी त्याने ऐकली होती. त्याने भिंतीचंच मागितलं.

गच्ची कोसाडची ठरली, मैत्रिणीच्या बिल्डिंगची. उतरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, होऊन गेल्यानंतरचा रविवार, दुपारी चार. मी घरी फक्त आईला सांगितलं, आणि तेही भरीत आणि पुऱ्या करून दे म्हणायला. आईने वांगी भाजता भाजता सांगितलं, “तुन्हा आप्पा बी येतस म्हने.”

मी चमकून विचारलं, “कशाले? त्यास्ले ऐकू कोठे येस?”

“माले काय इचारस? त्यास्नी मालेच सांगं, रविवारनी रजा शे, मी बी येस.”

मी आप्पांकडे बघितलं. ते खाटेवर बसून नखं कापत होते. मी स्वतःला समजावलं. येऊ देत. ऐकू येणार नाही, बसतील, भरीत खातील, परत येतील. दुसरं गाणं म्हणावं असंही मनात आलं, पण मागितलेलं तेच होतं. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या चांगल्या गाण्यांची संख्या एकच होती.

गच्चीवर तीसेक माणसं जमली. मैत्रिणीचे शेजारी, तिच्या आईच्या ओळखीच्या बायका, दुकानातले दोघे-तिघे, आणि गच्चीवर काहीही चाललं तरी बघायला येणारे. कोपऱ्याकोपऱ्यांत उतरायणचा तुटका मांजा अडकलेला. आप्पा आल्या आल्या तो गोळा करून बोटांवर गुंडाळायला लागले. धागा जमिनीवर पडलेला त्यांना बघवत नाही. मग सतरंजी घातल्यावर ते उठले, आणि मला वाटलं मागे भिंतीला टेकून बसतील. ते सरळ पुढे आले. माझ्यापासून चार हातांवर, बरोबर समोर मांडी घालून बसले. आईने त्यांना खूण केली, इकडे सावलीत या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि बऱ्याच वर्षांनी मी त्यांना चारचौघांत बोलताना ऐकलं. आवाज अगदी दाबून ते म्हणाले, “आठे माइक नही. लगीनमा माइक तोंड झाकी टाकस. आठे समदं दिसस.”

इथे माइक नाही, लग्नात माइक तोंड झाकून टाकतो, इथे सगळं दिसतं. शब्द मला ऐकू आले, अर्थ मात्र कळला नाही. मैत्रिणीने फोन सुरू करून ढोलकीवर थाप मारली आणि मी गायला लागलो.

पहिल्या कडव्याची दुसरी ओळ झाली असेल. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. भीत जपस, भीत कामले जास. मी तोंड उघडायच्या क्षणभर आधी त्यांचे ओठ तो शब्द घेत होते. त्यांना गाणं पाठ होतं.

मला एका झटक्यात कपाटाचा आरसा दिसला. चार वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून गात होतो आणि ते खाटेवरून आरशात माझं तोंड बघत होते. ज्या माणसाने तीस वर्षं ओठ वाचून पोट भरलं त्याच्यासमोर मी रोज संध्याकाळी आरशात उभा राहून त्याला भिंत म्हणत होतो. लूमवाल्याच्या पोराने तरी हे विसरायला नको होतं. तोंड मात्र गात राहिलं, कारण ढोलकी थांबत नव्हती.

दुसरं कडवं. भीतना डोया मन्हावर. आप्पांचे डोळे माझ्यावर, ओठ माझ्याबरोबर. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. पाठ केलेलं म्हणावं तसं ते शांतपणे म्हणत होते.

तिसरं कडवं आलं. सवयीने माझी मान खाली गेली, बोट आडवं पडलं, आणि मी पहिला शब्द म्हणता म्हणता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आप्पांचे ओठ थांबले होते.

त्यांना हे कडवं येत नव्हतं. कसं येणार? आरशात त्यांना चार वर्षं माझे केस दिसले होते. दोन कडव्यांतली शिवी त्यांच्यापर्यंत पोचली होती, रोजच्या रोज, शब्दन् शब्द. पुढे मी माझी चूक कबूल केली आहे, हे एका कॉर्डपायी त्यांना कधी कळलंच नव्हतं. आणि तरी हा माणूस रविवारची रजा सोडून, दोन बस बदलून, उन्हात समोर येऊन बसला होता.

मी गिटार सोडली. हात खाली पडले. ढोलकी एकदा अडखळली, मग माझ्याकडे बघून मैत्रिणीने ठेका हळू केला. मी मान वर केली, दोन पावलं पुढे गेलो आणि आप्पांच्या समोर उकिडवा बसलो. सहावीतल्यासारखं तोंड मोठं केलं, एकेक शब्द सुटा केला, आणि ओरडून म्हटलं.

भीत आप्पानी नही बांधी.
पह्यली ईट मीच ठेवी.

शाळेचं सांगितलं. रस्त्यातलं सांगितलं. मला लाज वाटते असं मी म्हणालो होतो, तेही त्याच शब्दांत. मला रडू येत होतं आणि रडताना ओठ वाकडे होतात, म्हणून एक ओळ मी दोनदा म्हटली, त्यांना नीट वाचता यावी म्हणून. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, खात्यात बघायचे तसे, डोळ्याचं पातं न लवता. बोटांवरचा मांजा तसाच होता. शेवटची ओळ होती, आते बोला. ती म्हणून मी थांबलो.

आप्पांनी खात्यातल्यासारखा हात वर केला. चिमटीने गाठ मारल्यासारखं केलं आणि तळवा पुढे ढकलला.

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मागे वळून त्यांनी त्या सगळ्या माणसांकडे बघितलं आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे काढणारी बाईसुद्धा दचकेल अशा आवाजात म्हणाले, “मन्हा पोऱ्या शे हाऊ!”

दोघंतिघं हसले. दोन पोरं तर चांगली खिदळली. मी मान खाली घातली नाही.

भरीत संपलं, सतरंजी गोळा झाली. मैत्रीण फोन घेऊन रेकॉर्डिंग तपासत बसली. तिने चेहरा पाडून सांगितलं की गिटार तिसऱ्या कडव्यात गायब आहे आणि शेवटी काकांचा आवाज इतका मोठा आलाय की तेवढं फाटतंय. “तेवढं कापून टाकू का?”

आप्पा जिन्यापाशी चपला घालत उभे होते. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं होतं. आता ते माझ्या ओठांकडे बघत होते.

“नको,” मी म्हणालो, नीट तोंड उघडून.